७ बाय ८ च्या खोलीत सॉना किती मोठा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावच्या टिळकवाडीत घराचं काम चालू आहे, बाथरूमला लागून ७ बाय ८ फुटांची खोली उरली आहे, स्लॅब १० फुटांवर आहे. घरात चार माणसं, सुट्टीत पाहुणे. सहा माणसांचा सॉना (हीटरने तापवलेली, घाम काढायला बसायची लाकडी खोली) करावा की लहान?

तिघांचा करा. जागा शिल्लक आहे म्हणून ती सगळी सॉनाला देऊ नका, कारण इथला प्रत्येक जादा घनफूट दर वेळी तापवावा लागतो. शिवाय कॅटलॉगमधली 'सहा माणसं' निपाणीच्या शेवटच्या बसमध्ये बसल्यासारखी दाटीवाटीने बसलेली असतात. नीट बसायला माणशी ६० सेंमी, म्हणजे २ फूट बाक लागतो. आडवं व्हायचं असेल तर सव्वासहा फूट. चौघं एकाच वेळी आत जाणार आहेत का, हे आधी घरात विचारा. बहुतेक घरांत दोघं-दोघं जातात.

बाक आधी ठरवा, भिंती मागाहून. विटांच्या भिंतीला आतून ५० मिमी रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर), त्यावर ॲल्युमिनियम फॉइल, मग २० मिमीच्या पट्ट्या आणि १५ मिमीची फळी आली की एका बाजूला साडेतीन इंच जातात. म्हणजे ७ फुटांच्या रुंदीत आत ६ फूट ५ इंच उरतात. हाच तुमचा वरचा बाक. त्यावर तिघं बसतील किंवा एक माणूस पाय पसरून झोपेल. दुसऱ्या दिशेला आतलं माप ५ फूट ठेवा आणि तिथे लाकडी सांगाड्याची आडभिंत घाला. ८ फुटांतून हे वजा झाल्यावर बाहेर सुमारे सव्वादोन फुटांची पट्टी उरते. कपडे अडकवायला आणि दार बाहेर उघडायला ती पुरते, फक्त दाराचं पान २ फुटांचंच ठेवा. सॉनाचं दार बाहेरच उघडलं पाहिजे आणि त्याला कडी-कुलूप नको. आत कुणाला भोवळ आली तर आत उघडणारं दार अंगानेच अडतं.

५ फुटांची वाटणी अशी: मागच्या भिंतीला वरचा बाक २ फूट खोल, त्याच्या पुढे खालची पायरी सव्वा फूट, उरलेल्या पावणेदोन फुटांत उभं राहायची जागा आणि दाराशेजारच्या कोपऱ्यात हीटर. हीटरसमोर खालची पायरी आखूड करा. हीटरपासून लाकडाचं अंतर किती हवं ते प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय सुताराला माप देऊ नका.

उंचीबद्दल सगळ्यात जास्त चुका होतात. १० फुटांवर छत ठेवलं तर सगळी ऊब डोक्याच्या वर जाऊन बसते आणि पाय गारच राहतात. खोटं छत साडेसात फुटांवर घ्या, ७ फुटांच्या खाली मात्र नको. वरच्या बाकापासून छत साधारण ११० सेंमीवर असावं, म्हणजे डोकं लागत नाही आणि माणूस गरम थरात बसतो. त्यावर ५०-५० मिमीचे दोन थर रॉकवूल. छतावर जी अडीच फूट पोकळी उरेल तिचा माळा करायचा मोह होईल. तिथे गणपतीचं थर्माकोलचं मखर ठेवू नका. भिंतीतही थर्माकोल नकोच, छताजवळच्या उष्णतेला ते मऊ पडतं.

आता हीटर. आतलं माप ६ फूट ५ इंच × ५ × साडेसात, म्हणजे २४० घनफूट, साधारण ६.८ घनमीटर. ढोबळ हिशेब असा की एका घनमीटरला एक किलोवॉट. ६ किलोवॉटचे बहुतेक हीटर ५ ते ८ घनमीटरसाठी असतात, म्हणजे तुमची खोली त्यात बसते. पण भिंतीला काच, टाइल किंवा उघडी वीट-दगड असेल तर तिच्या दर चौरस मीटरमागे १.२ घनमीटर धरून वाढवावं लागतं. पूर्ण काचेचं दार दीड घनमीटरच्या आसपास खातं आणि तुम्हाला ८ च्या पुढे ढकलतं. म्हणून लाकडी दार, त्यात छोटी काच. बेळगावात हौसेने जांभ्याची भिंत उघडी ठेवतात, दिसायला छानच दिसते, पण इथे बाकामागची एक भिंत जरी तशी ठेवली तरी हिशेबाने खोली पावणेदोन पट होते. जांभा बाहेरच्या सव्वादोन फुटी पट्टीत दिसू दे, आत नको.

सगळी ७ बाय ८ वापरली असती तर १० घनमीटर झाले असते. मग हीटर १० किलोवॉटच्या घरात आणि थ्री फेज मीटर अनिवार्य.

'थोडा मोठाच हीटर घेऊ, लवकर तापेल' हा सल्ला दुकानदार देईल. तो घेऊ नका. मोठ्या जाळावर भाकरी वरून करपते आणि आत कच्ची राहते, तसंच होतं: हवा पटकन तापते, थर्मोस्टॅट बंद होतो, हीटरवरचे दगड कोमटच राहतात आणि त्यांवर पाणी शिंपडलं की वाफ न होता खाली ओघळतं. लहान हीटरचं उलटं, तो ८० अंशांना कधी पोचतच नाही आणि कॉइल सतत चालू राहून लवकर जाते.

एक गोष्ट कॅटलॉगमध्ये नसते, व्होल्टेज. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २३० वर ६ किलोवॉट देणारा हीटर २०० वर साडेचारच देतो. संध्याकाळी ७ च्या सुमारास, गिझर चालू असताना, इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावायला सांगा. २२० च्या वर असेल तर ६ किलोवॉटचा सिंगल फेज हीटर पुरेल. सतत २०५-२१० दिसत असेल तर ८ किलोवॉटचा थ्री फेज विचारात घ्या. ६ किलोवॉटला २६ अँपिअर लागतात, म्हणून बोर्डापासून वेगळी ६ चौ. मिमी तांब्याची वायर आणि ३२ अँपिअरची एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच). हीटरला जोडणारा शेवटचा तुकडा उष्णता सोसणाऱ्या रबर किंवा सिलिकॉन केबलचा हवा, साधी पीव्हीसी वितळते. हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) बिलावर मंजूर भार किती आहे तेही आजच बघा. ३ किलोवॉट असेल तर आधी तो वाढवून घ्या. एका वेळेला तापायला पाऊण तास आणि बसायला अर्धा तास धरला तर ६ ते ७ युनिट जातात.

हवा विसरू नका. हीटरजवळ खाली ४ इंची छिद्र आत येण्यासाठी, समोरच्या बाजूला वरच्या बाकाखाली दुसरं बाहेर जाण्यासाठी, आणि छतालगत एक झाकणाचं, फक्त नंतर वाळवायला. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, तिथे बंद लाकडी खोलीचं काय होईल! वापर संपल्यावर २० मिनिटं हीटर तसाच चालू ठेवा, मग दार उघडं टाका. नाहीतर बाकाखाली काळी बुरशी येते.

लाकडाचं थोडक्यात. वखारीत सागवान सहज मिळतं, भिंतीला चालेल, पण बाकाला नको. ते दाट असल्याने चटका देतं. बाकाला हेमलॉक, सीडर किंवा ॲस्पेन अशी हलकी जात. पाइन घेतलं तर गाठी नसलेलं घ्या, गाठींतून राळ पाझरते. वार्निश, प्लाय, एमडीएफ काही नको. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आणि खालून मारलेले, वर डोकं राहिलं तर कातडी भाजते.

दगड हीटरबरोबर येतात तेच वापरा. मार्कंडेय किंवा मलप्रभेच्या पात्रातले गुळगुळीत गोटे आणू नका, आत मुरलेलं पाणी तापलं की ते तडकतात. जांभ्याचा तर भुगाच होईल.

तुमचा गिलावा अजून व्हायचा असेल तर ही तीन कामं फरशीच्या आधी उरका: वायरचा पाइप, हवेची छिद्रं, आणि दाराच्या बाजूला फरशीला दर ६ फुटांत एक इंच उतार देऊन जाळी. भिंतीच्या पायाशी वाळवीचं औषधही याच वेळी, कारण लाकूड बसल्यावर आत औषध मारता येत नाही.