गोव्यात आरोग्याचा पैसा लठ्ठपणावर घालावा की खाण्याच्या विकारांवर?

प्रश्न असा आहे: "मधुमेहात गोवा देशात पहिला, दर तिसरी बाई जाड. मग सरकारने सगळा पैसा लठ्ठपणाच्या उपचारावर का घालू नये? इटिंग डिसऑर्डर हे श्रीमंतांच्या मुलींचं दुखणं, त्यासाठी वेगळा खर्च कशाला?"

मोठा वाटा लठ्ठपणाकडेच जायला हवा, इथवर मी तुमच्याबरोबर आहे. पण तो वजन उतरवायच्या इंजेक्शनांवर आणि शस्त्रक्रियांवर उधळायचा नाही, आणि खाण्याच्या विकारांसाठी छोटी का होईना, दुसरीकडे वळवता येणार नाही अशी रक्कम बाजूला काढायची. नाहीतर लठ्ठपणावर घातलेला पैसाही गळतो. कसा, ते पुढे सांगतो.

तुमचे आकडे बरोबर आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) गोव्यातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 36 टक्के स्त्रियांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 25 किंवा त्याहून जास्त निघाला. देशाचा आकडा 24. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह-सर्वेक्षणाचा 2023 चा अहवाल गोव्यात मधुमेह 26.4 टक्के सांगतो, देशात 11.4. आपल्या शरीराच्या ठेवणीला तर 25 ही रेघसुद्धा सैल आहे. भारतीयांसाठी 23 ला जास्त वजन आणि 25 ला लठ्ठपणा धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटरपुढे गेला की धोका मोजायला लागतात.

खाण्याच्या विकारांचं काय? कुटुंब सर्वेक्षणात वजन आणि उंची घेतात, खाण्याच्या विकारांबद्दल विचारत नाहीत. 2015-16 चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण 12 राज्यांत झालं, त्यांत गोवा नव्हता. म्हणजे एका बाजूला छापील टक्केवारी आणि दुसऱ्या बाजूला कोरा कागद, आणि बजेटच्या बैठकीत कोरा कागद नेहमीच हरतो. 'श्रीमंतांचं दुखणं' हा समजही इथूनच येतो. ज्यांना खाजगी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं परवडतं, त्यांचंच निदान होतं. बाकीच्या मुली पाळी बंद झाली म्हणून स्त्रीरोग ओपीडीत, पोट गच्च वाटतं म्हणून मेडिसिनच्या ओपीडीत आणि दात झिजले म्हणून दंतवैद्याकडे फिरत राहतात. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांना 'जाड होण्याची भीती' नसतेच, निदान त्या ती बोलून दाखवत नाहीत. "भूक नाही", "दोन घासांत पोट भरतं" एवढंच सांगतात. हाँगकाँगमध्ये 1990 च्या दशकात हाच नमुना नीट नोंदवला गेला. परदेशी प्रश्नावली जशीच्या तशी वापरली की अशा मुली तिच्यातून निसटतात.

आता गंभीरपणा. 36 अभ्यास एकत्र करून 2011 मध्ये केलेल्या विश्लेषणात अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसाच्या (खाणं तोडून शरीर उपाशी ठेवण्याच्या विकाराच्या) रुग्णांचा मृत्युदर त्याच वयाच्या इतरांच्या जवळपास सहापट आढळला, आणि त्या मृत्यूंत पाचातला एक आत्महत्येचा. रुग्ण थोडे, वय कोवळं, धोका मोठा. लठ्ठपणाचं गणित याच्या उलट आहे: रुग्ण लाखांत, नुकसान संथ, आणि ते मधुमेह, रक्तदाब, गुडघे, यकृत यांच्या खात्यावर पडत जातं. म्हणून डोकी मोजून पैसा वाटणं चूक. एक रुपया कुठे काय विकत घेतो, ते बघायचं.

इंजेक्शनांचा हिशेब करून बघा. टिर्झेपाटाइड हे वजन उतरवणारं इंजेक्शन मार्च 2025 मध्ये भारतात आलं तेव्हा 5 मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत 4,375 रुपये होती. आठवड्याला एक, वर्षाला 52 कुप्या: 2,27,500 रुपये. हजार माणसांना दिली तर 22 कोटी 75 लाख. सेमाग्लुटाइड या अशाच दुसऱ्या औषधाच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतचीच, त्यानंतर त्या बाजूला भाव उतरतात हे खरं. भाव दहावा हिस्सा धरला तरी हजार माणसांना सव्वादोन कोटींच्या वर, आणि तेही दर वर्षी. औषध वाईट नाही. सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन उतरलं. पण ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे तीन वर्षांची योजना काढून चौथ्या वर्षी निधी आटला, तर सगळं केलेलं पाण्यात. सरकारने हे औषध द्यायचंच तर मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही असलेल्या मोजक्या लोकांना द्यावं, आणि मध्येच बंद करणार नाही अशी तरतूद असेल तरच.

शस्त्रक्रियेचंही तसंच. विमा नियामकाच्या नियमांनुसार बीएमआय 40, किंवा 35 आणि सोबत गंभीर आजार असेल तर विमा कंपनीला लठ्ठपणाची शस्त्रक्रिया सरसकट नाकारता येत नाही. पण पैसे मिळतात ते शस्त्रक्रियेचे. नंतर जन्मभर लागणारं लोह, बी12, कॅल्शियम आणि वर्षातून दोनदाच्या तपासण्या रुग्णाच्या खिशातून. त्या खिशातून झाल्या नाहीत की दोन वर्षांनी तोच माणूस अशक्तपणाने दाखल होतो. आपली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनाही (तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख) ठरलेल्या प्रक्रियांच्या यादीवर चालते. अशा योजनेला ऑपरेशन कळतं, वीस आठवडे समोर बसून बोलणं हा उपचार असतो हे कळत नाही. आणि खाण्याच्या विकारांवर मुख्य उपचार तोच आहे.

दोन्ही विषय एकमेकांत अडकतात ते बिंज इटिंगपाशी. तास-दोन तासांत ताबा सुटून खायचं, पोट दुखेपर्यंत, बहुतेक वेळा एकट्याने, आणि मागाहून शरमेने मान खाली. आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने असं होत असेल तर निदान होतं. जाड माणसांतलं हे खाणं स्टंकार्ड नावाच्या अमेरिकी डॉक्टरने 1959 मध्येच नोंदवलं, पण स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकी मनोविकार यादीत जागा मिळायला 2013 उजाडलं. हा रुग्ण मानसोपचाराच्या ओपीडीत जात नाही. तो वजन कमी करायच्या ओपीडीत येतो आणि छापील तक्ता घेऊन घरी जातो.

तो तक्ता जरा जवळून बघा. सकाळी ओट्स, दुपारी दोन फुलके, रात्री सूप, भात बंद. वाळपईची बाई, जिच्या घरी उकड्या भाताचं शीत आणि हुमण (माशांची आमटी) दोन वेळा होतं, ती हा तक्ता फार तर नऊ दिवस पाळते. दुपारी अर्धपोटी, रात्री सूप, मग साडेदहाला घर निजल्यावर पावाची पिशवी आणि चवथीच्या उरलेल्या नेवऱ्यांचा डबा. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून सकाळचं खाणं रद्द, की रात्री परत तेच. पुढच्या भेटीत वजन दोन किलो जास्त, आणि केसपेपरवर शेरा: 'सहकार्य नाही'. बिंज इटिंगच्या उपचारातली पहिली पायरी याच्या बरोबर उलटी आहे: तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं, दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नको, कुठलाही पदार्थ 'बंद' नाही, आणि काय-कधी-कुठे खाल्लं याची वही. आधी नेम बसवायचा, वजनाचा विषय नंतर. शीत-हुमणच ठेवा, भात वाटीने मोजा, ताटात तोंडाक (कडधान्याची उसळ) आणि भाजी वाढवा. (पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पावाला सगळे दोष देतात. पाव कितव्या वाजता आणि कोणत्या मनःस्थितीत खाल्ला, हे कोणी विचारत नाही.)

मग तपासणी कुठे करायची? इथे सरकारी उत्साह हमखास चुकतो. 'सगळ्या शाळांत प्रश्नावली' ही कल्पना कागदावर छान दिसते. समजा हजार मुलांत खरे आजारी 20, आणि प्रश्नावली 85 टक्के आजारी पकडते व 80 टक्के निरोगी बरोबर सोडते. पकडले जातील 17 खरे आणि 196 चुकीचे. या 213 मुलांना तपासणार कोण? तीच प्रश्नावली वजनाच्या ओपीडीत वापरा, जिथे समजा हजारात 200 आजारी आहेत: 170 खरे, 160 चुकीचे. निम्म्याहून जास्त वेळा नेम लागतो. म्हणून सुरुवात तिथून, आणि मधुमेहाच्या ओपीडीतून. सगळी प्रश्नावलीही नको, दोन प्रश्न पुरतात: "कधी खाण्यावरचा ताबा सुटतो का?" आणि "वजनासाठी उपास, उलटी, जुलाबाची गोळी असं काही करता का?" हे वजनकाट्याजवळ, चार माणसांच्या कानांवर जाईल असं विचारू नये. दार लोटून विचारावं. उत्तर 'हो' असेल तर तक्ता नाही, समुपदेशकाकडे चिठ्ठी.

समुपदेशक आणायचे कुठून, हा नेहमीचा आक्षेप. गोव्याने तो तरी घेऊ नये. डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या माणसांनी आरोग्य केंद्रात नैराश्यावर उपचार केले तर गुण येतो, हे संगाथ संस्थेच्या गोव्यातल्या चाचण्यांनी 2010 मध्ये आणि पुन्हा 2017 मध्ये दाखवलं. 6 ते 8 बैठका, आठवड्याला देखरेख. बिंज इटिंग आणि सौम्य बुलिमियासाठी (भरमसाट खाऊन मग उलटी-जुलाबाने ते काढण्याच्या विकारासाठी) ब्रिटनची 2017 ची मार्गदर्शिका पहिला उपचार म्हणून जे सांगते ते याच मापाचं: मार्गदर्शनासह स्वयं-मदत, साधारण 20 मिनिटांच्या 4 ते 9 बैठका, 16 आठवड्यांत. एका रुग्णामागे नोंदी, चुकलेल्या भेटी, देखरेख धरून 8 तास मोजा. आठवड्याला 20 तास, वर्षाला 44 आठवडे काम केलेला एक समुपदेशक 110 रुग्ण पाहतो. म्हापसा, मडगाव, फोंडा आणि बांबोळी असे चार बसवले तर 440. चार पगार आणि एक देखरेख करणारा मानसशास्त्रज्ञ. वरच्या इंजेक्शनांच्या हिशेबापुढे ही रक्कम किरकोळ आहे.

अ‍ॅनोरेक्सियाला मात्र हे पुरत नाही, तिथे काटकसर नको. मुलं-किशोरांसाठी कुटुंबाला धरून केलेला उपचार, 6 ते 12 महिन्यांत 20 च्या आसपास बैठका. आणि दाखल करावं लागलं तर खाट मेडिसिनची हवी, मानसोपचाराची नव्हे, कारण पहिल्या आठवड्यात धोका शरीराला असतो. उपाशी शरीरात अचानक अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून अन्न सुरू करण्याआधी थायमिन (बी1 जीवनसत्त्व), पहिले 5 ते 7 दिवस रोज फॉस्फेटची तपासणी, ईसीजी. घरच्या प्रेमाने डबे भरवून हे होत नाही. गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) दोन खाटा, आणि त्यांच्यासाठी शेजारच्या आयपीएचबी या मनोरुग्णालयाशी लेखी व्यवस्था: कोण रोज येणार, कोण डिस्चार्जवर सही करणार. हे लेखी नसेल तर दोन्ही विभाग रुग्ण एकमेकांकडे टोलवतात.

अमुक बीएमआयच्या खाली असेल तरच खाट, असा नियमही करू नये. जाड मुलगा काही महिन्यांत उपास करून झपाट्याने उतरला तर त्याचा बीएमआय 'नॉर्मल' दिसतो, वर्गात कौतुक होतं, आणि नाडी जागेपणी 50 च्या खाली गेलेली असते. नाडी, उभं राहिल्यावरचा रक्तदाब, पोटॅशियम आणि किती वेगाने उतरला, हे बघायचं.

शाळांबाबत सिंगापूरचं उदाहरण पुरेसं आहे. 1992 मध्ये तिथे जाड मुलांना वेगळं काढून व्यायाम देणारा कार्यक्रम सुरू झाला. चिडवाचिडवी आणि खाण्याच्या विकारांशी संबंध यांवरून टीका झाली, 2007 मध्ये तो बंद झाला. उलट तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मुलांचं वजन हाताळलं तर विकाराचा धोका वाढत नाही, बहुतेक अभ्यासांत थोडा घटतो. तेव्हा शाळेत वजन घ्यावं, पण आकडा वर्गात वाचू नये, आणि पैसा मुलांना वेगळं काढण्याऐवजी कँटीनकडे वळवावा. तळलेलं-गोड शाळेच्या फाटकापासून 50 मीटरांत विकू नये, हा 2020 चा नियम आहेच. तो पाळायला अन्न व औषध प्रशासनाला निरीक्षक आणि गाडी लागते. साखरपेयांवर गोव्याला स्वतंत्र कर लावता येत नाही, जीएसटी आल्यापासून तो दरवाजा बंद. केंद्राचा 40 टक्के दर साखरेच्या आणि 'डाएट' कोल्याला सारखाच, त्यामुळे कंपनीने साखर कमी करावी असं त्यात काहीच नाही.

माझ्या हाती नवे 100 रुपये दिलेत तर 60 मी आरोग्य केंद्रांतल्या मधुमेह-रक्तदाबाच्या कामाला देईन: मोजपट्टी, एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांची साखर सांगणारी रक्ततपासणी), आणि गोव्याचं ताट ओळखणारा आहारतज्ज्ञ. 18 शाळा-कँटीन आणि निरीक्षणाला. 15 खाण्याच्या विकारांना, वेगळ्या लेखाशीर्षाखाली. 'मानसिक आरोग्य' या मोठ्या शीर्षाखाली घातले तर वर्षाअखेरीस ते दुसऱ्याच औषधखरेदीत गेलेले असतात. उरलेले 7 मोजणीला, म्हणजे ओपीडीतल्या त्या दोन प्रश्नांची उत्तरं महिन्याला जमवायला. इंजेक्शनांना या शंभरांतून काही नाही.

तुमच्या घरात किंवा ओळखीत कोणी असेल तर: टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतून बोलता येतं. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, सतत उलट्या, किंवा जीव देण्याची भाषा असेल तर फोनवर वेळ न घालवता थेट गोमेकॉच्या कॅज्युअल्टीत न्या आणि "काही दिवस नीट खाल्लेलं नाही" हे पहिल्याच वाक्यात सांगा. ते सांगितलं नाही तर सलाईनमधून साखर आधी लागते आणि थायमिन मागे राहतं.