काट्याआधी टेप घ्या
बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) २२ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांचा २००४ सालचा जोडफोटो शोधून बघाच. दोघांचाही बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! वजन भागिले उंचीचा वर्ग, एवढंच ते गणित. त्याला चरबी कुठली, स्नायू कुठले, काय कळणार?

म्हणून शिंप्याची टेप आणा. शर्ट वर करा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका (सगळेच ओढतात!) आणि शेवटची बरगडी व कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेलं, तर साखर तपासून घ्या. आणि हो, आपल्याकडे जास्त वजन बीएमआय २५ला नाही, २३लाच सुरू होतं.