भुगा कुठे जाणार, ते आधी ठरवा

फाल्गुन लागला की मराठवाड्यात कडुनिंब पानं टाकू लागतो आणि संध्याकाळी गल्लोगल्ली धूर दिसतो. हा पाला जाळण्यापेक्षा बारीक करणाऱ्या यंत्रात (श्रेडरमध्ये) घालावा का, कोणतं यंत्र घ्यावं, निघालेल्या भुग्याचं काय करावं, अशी बरीच पत्रं आली आहेत. त्यांतल्या काहींना इथे उत्तरं देतो.

प्रश्न (लातूर): घराभोवती पाच गुंठे जागा आहे. दोन कडुनिंब, एक आंबा, एक पेरू आणि कडेला मेंदीचं कुंपण. श्रेडर विजेवरचा घ्यावा की पेट्रोलचा? दुकानदार म्हणतो, ४० मिलिमीटरपर्यंतची फांदी आरामात जाते.

उत्तर: यात दोन वेगळी कामं आहेत. चिपरला धारदार पाती असतात. ती फांदी तासून तिचे चपटे तुकडे पाडतात. श्रेडरला फिरते हातोडे असतात. ते पाला आणि काड्या झोडपून बारीक करतात. घरगुती यंत्रात बऱ्याचदा दोन्ही सोयी असतात, पण तोंडं दोन: पाल्याचं रुंद, फांदीचं अरुंद. तुमच्याकडे वर्षभर पालाच जास्त निघणार. म्हणून ४० च्या आकड्यापेक्षा पाल्याचं तोंड केवढं आहे आणि हातोडे सहज बदलता येतात का, हे बघा.

तो ४० चा आकडा ओल्या, सरळ फांदीचा असतो. महिनाभर उन्हात वाळलेली फांदी तेवढीच जाड असली तरी पात्याला घाम फोडते. छाटणी केली की आठवड्याच्या आत काम उरका.

पाच गुंठ्यांना २ ते ३ अश्वशक्तीचं विजेवरचं यंत्र पुरतं. ३ अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर बरीच वीज ओढते, त्यामुळे १६ अँपिअरचा सॉकेट, चांगलं अर्थिंग आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर हवीच. बारीक वायर लांबवर ओढली की विजेचा दाब कमी पडतो, पाती अडकतात आणि मोटर जळते. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, तेव्हा हे काम सकाळीच करा. पेट्रोलचं यंत्र वायर न पोचणाऱ्या मळ्यासाठी ठीक. एक सुचवतो: तुम्हाला ते वर्षातून आठ-दहा दिवसच लागेल, तेव्हा गल्लीतल्या तीन-चार घरांनी मिळून घ्या.

प्रश्न (नांदेड, सोसायटीचे सचिव): आम्ही पालापाचोळा जाळणं बंद करून फांद्यांचा भुगा केला आणि फुलझाडांच्या वाफ्यांत मिसळला. दीड महिन्यात झाडं पिवळी पडली. वर पांढरी बुरशीही आली. आता सभासद म्हणतात, जाळत होतो तेच बरं होतं.

उत्तर: जाळण्याकडे परत जाऊ नका. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली. तुमची चूक एका शब्दात आहे: "मिसळला".

लाकडात कर्ब (कार्बन) खूप आणि नत्र (नायट्रोजन) अगदी थोडं. प्रमाण कित्येकदा ४०० ला १ असं असतं. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण २५-३० ला १ असं अन्न लागतं. उरलेलं नत्र ते मातीतून उचलतात आणि झाड उपाशी राहतं. हाच भुगा मातीत न मिसळता वर अंथरला, तर ही ओढाताण जमिनीच्या अगदी वरच्या पातळ थरापुरती राहते आणि खालच्या मुळांना तिचा त्रास होत नाही. मी स्वतः पहिल्या वर्षी मेथीच्या वाफ्यात हेच केलं होतं. मेथी बोटभर उंचीवर थांबली आणि पिवळी पडली. शेणाची स्लरी दिल्यावर पंधरा दिवसांनी रंग परतला. तुम्हीही स्लरी द्या किंवा थोडा युरिया पाण्यातून द्या. यापुढे भुगा वरच पसरा, दोन ते चार इंच जाड.

पांढरी बुरशी लाकूड कुजवणारी आहे, झाडाला तिचा अपाय नाही. हाताने थर हलवून मोकळा करा, एवढंच.

खत करायचं असेल तर भुगा, हिरवा पाला आणि शेण यांचे थर देऊन किमान तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच ढीग लावा. मूठ दाबली की एखाद-दोन थेंब पडावेत, इतकीच ओल ठेवा. चांगला लागलेला ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो. हात घातला तर चटका बसतो. तो निवू लागला की उलटा.

प्रश्न (अंबड, जि. जालना): मोसंबीची सल काढली. ती बारीक करून त्याच झाडांच्या आळ्यांत टाकली तर चालेल का? आंबे बहार धरायचा आहे.

उत्तर: दोन कारणांनी लगेच टाकू नका.

पहिलं कारण रोगाचं. सल म्हणजे वाळलेल्या फांद्या आणि त्यांवर बुरशीचे बीजाणू असतात. तोच भुगा त्याच झाडाखाली घातला तर पाऊस पडल्यावर ते पुन्हा वर चढतात. सल बारीक करा, पण वर सांगितलेल्या तापणाऱ्या ढिगात घाला. डिंक्या (सालीतून डिंक गळण्याचा रोग) लागलेल्या झाडाचं बुंध्याकडचं लाकूड तर यंत्रात घालूच नका; बागेबाहेर नेऊन नष्ट करा. डाळिंबाच्या तेल्या (तेलकट डागांचा रोग) लागलेल्या फांद्यांनाही हेच लागू. रोगट माल चुकून यंत्रातून गेला असेल, तर पाती ब्रशने साफ करून स्पिरिटने पुसा.

दुसरं कारण ताणाचं, आणि हे सहसा कुणी सांगत नाही. आंबे बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलासाठी, डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून बाग ताणावर सोडता, तेव्हा जमीन सुकायला हवी. आच्छादन असलं की ओल टिकते, झाडाला ताण बसत नाही आणि फूल कमी निघतं. भारी काळ्या जमिनीत हा फरक जास्त जाणवतो. म्हणून आधी ताण तोडा, पाणी सुरू करा आणि मगच आच्छादन घाला. मे महिन्यात उघड्या काळ्या रानात मनगट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. तिथेच तीन इंचांचा भुगा हाताने बाजूला करून बघा: माती काळीभोर, गार, बोटाला चिकटणारी.

प्रश्न (धाराशिव): भुग्यामुळे उधळी (वाळवी) येते असं गावात सगळे म्हणतात.

उत्तर: उधळी आपल्याकडे आधीपासूनच आहे, ती वाळलेल्या लाकडाकडे येतेच. पण भुगा बुंध्याला चिकटलेला असला तर ती तिथून सालीवर चढते. बुंध्यापासून एक वीत जागा चहूबाजूंनी मोकळी ठेवा. पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. नव्या लागवडीत ताजा भुगा नको, कुजलेलाच घाला. खोडावर मातीच्या नळ्या दिसल्या की लगेच खरवडून काढा.

प्रश्न (अर्धापूर): केळीचे खुंट आणि पानं यात जातील का?

उत्तर: छोट्या यंत्रात नाही. खुंटात पाणीच पाणी आणि धागे लांब; ते दांड्याला गुंडाळून बसतात. नारळाच्या झावळ्यांचंही तसंच. केळीचे खुंट कोयत्याने तोडून सरीतच कुजू द्या.

प्रश्न (मानवत, जि. परभणी): कापसाच्या पऱ्हाट्या जाळाव्यात की ट्रॅक्टरच्या श्रेडरने बारीक कराव्यात? घरी चुलीलाही लागतात.

उत्तर: बारीक करा, आणि वेळेत करा. गुलाबी बोंडअळी हंगाम संपला की किडक्या, न उमललेल्या बोंडांत आणि खाली पडलेल्या पाल्यात सुप्तावस्थेत पडून राहते. तुम्ही बांधावर पऱ्हाट्यांची गंजी रचून ठेवता, ती तिच्यासाठी पुढच्या जूनपर्यंतचं घर होते. फरदड (त्याच झाडांना पाणी देऊन पुन्हा घेतलेला कापूस) न घेता जानेवारीपर्यंत रान मोकळं करा. ट्रॅक्टरवरचा श्रेडर पीटीओच्या (ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्याच्या) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालवा. मागून रोटाव्हेटर मारून भुगा मातीत जाणार असेल, तर नत्र कमी पडेल हे धरून चाला. उसाच्या पाचटाला टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक देण्याची पद्धत आहे. इथेही युरिया आणि संवर्धक दिल्याशिवाय रान सोडू नका. चुलीसाठी लागतील तेवढ्या पऱ्हाट्या जरूर ठेवा, पण बोंडं झाडून, वेचून नष्ट केल्यावरच.

यंत्र घ्यायचं असेल तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा. कृषी यांत्रिकीकरण योजनेत अनुदान आहे, पण पूर्वसंमती मिळायच्या आधी खरेदी केली तर ते हातचं जातं.

प्रश्न (बीड): सर, आमचे हे सीताफळाच्या छाटणीचा माल यंत्रात घालतात. गळ्यात गमछा, पायात चप्पल. अडकलं की हातानेच ओढतात. मुलगा नववीत आहे, तोही शेजारी उभा राहून फांद्या देतो. मी सांगते ते ऐकत नाहीत. तुम्ही लिहा.

उत्तर: ताई, हे उत्तर त्यांना वाचून दाखवा.

दादा, गमछा आधी काढून ठेवा. कापडाचं एक टोक आत गेलं तर ते सोडवायला वेळ मिळत नाही. धोतर, ओढणी, पदर, सैल बाहीचा सदरा, लांब मनगटाचे हातमोजे, काहीच नको. अंगाला बसणारे कपडे, बंद बूट, डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे.

फांदी बुडख्याकडून घाला आणि तोंडासमोर न उभं राहता बाजूला उभे राहा. फाटे असलेली फांदी आत ओढली जाताना वळते आणि तिचं बाहेरचं टोक जोरात फिरतं. एका गड्याच्या गालावर गिरिपुष्पाची अशी फांदी बसलेली मी पाहिली आहे. डोळा थोडक्यात वाचला. आखूड तुकडे हाताने ढकलायचे नाहीत, त्यासाठी लाकडी काठी ठेवा. लोखंडी सळई आत गेली तर तुकडे होऊन उलट अंगावर येते. फांद्यांच्या ढिगात बाइंडिंग तार, खिळे, दगड आहेत का ते बघा. ढीग काही दिवसांचा असेल तर आधी काठीने हलवा. त्यात घोणस किंवा फुरसं असू शकतं.

आणि अडकलं तर: यंत्र बंद करा, वायर सॉकेटमधून काढा. पेट्रोलचं असेल तर स्पार्क प्लगची टोपी काढा. मग थांबा. मोटर बंद झाली तरी आतला जड ड्रम काही वेळ फिरत राहतो आणि त्याचा आवाजही येत नाही. तो पूर्ण थांबल्याचं डोळ्यांनी दिसल्यावरच झाकण उघडा. ओला पाला अडकत असेल तर मूठभर पाला, मग एक वाळकी काडी, असं आलटून पालटून घाला. अडकण्याची वेळच कमी येईल.

मुलाला यंत्र चालू असताना पंधरा पावलं लांब ठेवा. बंद झाल्यावर भुगा गोण्यांत भरायचं काम त्याला द्या.