एफडी मोडण्याआधी मुलीला विचारलंत का?

प्रश्न : माझी मुलगी कोल्हापूरला होस्टेलवर राहून एमएस्सी रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकते. पुढे पीएचडी करायची आहे, जमल्यास जर्मनीत. कॉम्प्युटरवर रेणूंचा अभ्यास करण्यात तिला रस आहे. सध्या साधा लॅपटॉप आहे. बार्शीला घरी वर्कस्टेशन घ्यावं म्हणतो. १६ कोरांचा प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, २४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, असं ३ लाख ८५ हजारांचं कोटेशन मिळालं आहे. एफडी मोडावी लागेल. वरच्या खोलीत एसीही बसवतो. मशीन आलं की दोन वर्षांत दोन रिसर्च पेपर काढेन, असं तिने कबूल केलं आहे. कॉन्फिगरेशन योग्य आहे का? – एक पालक

उत्तर : कॉन्फिगरेशनचं नंतर बघू. आधी हे ‘कबूल केलं आहे’ प्रकरण काय आहे? एमएस्सीच्या पहिल्या वर्षात बहुतेकांचा प्रोजेक्टचा विषयसुद्धा ठरलेला नसतो. अशा वेळी दोन पेपरांचा आकडा तिने आपणहून सांगितला असेल, हे मला पटत नाही. बाप एफडी मोडायला निघालेला दिसत असताना कुठली मुलगी नाही म्हणेल? पेपर असे ठरवून निघत नाहीत. निघालेच पाहिजेत असा धाक असला की मुलं पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांकडे वळतात. तसला पेपर बायोडेटात दिसला तर जर्मनीतला प्राध्यापक प्रभावित होणं सोडाच, उलट सावध होईल.

दुसरं, मुलगी कोल्हापुरात आणि मशीन बार्शीत. लांबून लॉगिन करता येतं, मान्य. मग एसी कशाला? तिने होस्टेल सोडून वरच्या खोलीत बसून संशोधन करावं असा बेत असेल, तर तो मनातून काढून टाका. गणितासाठी कॉम्प्युटरला दिलेल्या इनपुट फाइलमध्ये नेमकं कुठे चुकलं, हे सीनियरच्या शेजारी बसून शोधताना जे शिकायला मिळतं, ते घरी एकटीला मिळणार नाही. शिवाय उद्या तिला प्रयोगशाळेतलं सिंथेसिस, म्हणजे नवे रेणू प्रत्यक्ष बनवणं, आवडायला लागलं तर? या टप्प्यावर विषय बदलणं अगदी नेहमीचं आहे. पण चार लाखांचं मशीन घरात उभं असताना हे तुम्हाला सांगायची तिची हिंमत होईल का?

आता तुमच्या प्रश्नातला गैरसमज. महागडं ग्राफिक्स कार्ड घेतलं की संशोधनाचं मशीन झालं, असं नसतं. ‘रेणूंचा अभ्यास’ यात निदान दोन निराळी कामं येतात. पाण्यात प्रथिन कसं हलतं हे ग्रोमॅक्स या सॉफ्टवेअरवर बघायचं असेल, तर गेमिंग कार्ड झकास चालतं. तिथलं बरंचसं गणित सिंगल प्रिसिजनवर, म्हणजे साधारण सात अंकांच्या अचूकतेवर भागतं. पण उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन कसे वागतात हे क्वांटम एस्प्रेसो या सॉफ्टवेअरवर काढायचं, तर पंधरा-सोळा अंकांचं डबल प्रिसिजन लागतं. आणि एनव्हिडियाच्या ३०९०, ४०९० या गेमिंग कार्डांचा डबलमधला वेग सिंगलच्या ६४ व्या हिश्शाइतकाच असतो. डेटा सेंटरसाठी बनवलेल्या ए१०० मध्ये तो निम्मा असतो. प्रोसेसरची गत वेगळी नाही. साध्या डेस्कटॉपला मेमरीचे चॅनल, म्हणजे रॅममधून प्रोसेसरकडे डेटा नेणाऱ्या वाटा, दोनच असतात, त्यामुळे अशा गणितात सोळापैकी बरेच कोर नुसते ताटकळतात. आचारी सोळा, शेगड्या दोन! खऱ्या वर्कस्टेशनच्या बोर्डावर असे चार किंवा आठ चॅनल असतात. दुकानदाराने फसवलं असं मी म्हणत नाही. त्याच्याकडे गेमिंगवाली आणि व्हिडिओ एडिटिंगवाली गिऱ्हाइकं येत असणार, त्याने सवयीचं कोटेशन दिलं. मुलगी या दोनांपैकी कोणतं काम करणार, हे ना त्याला माहीत, ना तुमच्या पत्रात आहे.

विजेचाही हिशेब करा. ५०० वॉट खेचणारं मशीन दिवसरात्र चाललं तर रोजचे १२ युनिट, एसीचे वेगळे.

पीएचडीला जाणारी मुलं मशीन घरून नेत नाहीत. मोठी गणितं संस्थेच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक कॉम्प्युटरांवर, चालतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत ‘परम ब्रह्म’ हा सुपरकॉम्प्युटर बसला, तो याच कामांसाठी. अशा यंत्रावर काम करायचं तर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, थोडं पायथन प्रोग्रॅमिंग आणि सगळ्यांची कामं रांगेत लावणाऱ्या स्लर्म या सॉफ्टवेअरमध्ये आपला जॉब टाकणं यायला हवं. यातलं बरंचसं आत्ताच्या लॅपटॉपवर शिकता येतं. रेणूंची गणितं करणारं ओर्का हे सॉफ्टवेअर शैक्षणिक वापरासाठी फुकट मिळतं. पाण्याच्या रेणूपासून सुरुवात करून रेणू मोठे करत जावं; लॅपटॉप कुठे दमतो आणि रॅम कमी पडते की वेग, ते तिचं तिला दिसेल. ग्राफिक्स कार्डावर हात बसवायला गूगल कोलॅब आहे, तिथे गूगलचं मशीन इंटरनेटवरून वापरता येतं. रॅम वाढवण्याची सोय असेल तर तेवढा खर्च जरूर करा. नेट-जेआरएफ आणि गेट या परीक्षा, जर्मनीतल्या प्राध्यापकांना थेट ई-मेल, या पीएचडीच्या वाटा तिला विभागातही सांगतील.

आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. कोणता विषय आवडतो, गाइड म्हणून कोण मिळू शकतं, लॅपटॉपवर काय अडलं, एवढं लिहिलं तरी पुरे. पाठवण्याआधी ते तुम्ही वाचू नका.