‘रात्र’ हा कीवर्ड काढून टाक

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझी टिपणं आणि रात्री काम करणाऱ्या माणसांवरच्या चोवीस क्लिप्सचा, पाहणाऱ्याने आपला क्रम आपणच निवडायचा असा ‘रात्रपाळी’चा कच्चा प्रकल्प सवडीने पाहून झाला.

टिपणांबद्दल आधी सांगते, म्हणजे तो विषय संपेल. भाषा चांगली आहे, वाचन केलेलं दिसतंय, पण तू काय केलंस ते त्यात कुठेच सापडत नाही. ‘नेटवर्क माध्यमात प्रेक्षक सक्रिय होतो’ हे वाक्य तीनदा आलंय. कोणता प्रेक्षक? तुझी मैत्रीण चौथ्या क्लिपनंतर परत पहिल्याच क्लिपवर येऊन पडली आणि ‘हे हँग झालंय का गं?’ म्हणाली, हे तू मला फोनवर हसत हसत सांगितलंस. टिपणांत त्याचा उल्लेखही नाही, आणि तुझ्या सबंध महिन्याच्या कामात लिहून ठेवण्यासारखी गोष्ट तीच होती. चिंतन लिहायला बसलं की माणूस उगाच भारदस्त होतो. काय करायचं ठरवलं होतं, प्रत्यक्षात काय घडलं आणि तेव्हा तुला काय वाटलं, एवढं लिही. क्रिस आर्गिरिस नावाचे अभ्यासक १९७० च्या दशकात सांगत होते की, चूक दुरुस्त करणं ही एक पायरी आणि ज्या गृहीतकातून ती चूक आली ते गृहीतकच तपासणं ही दुसरी. मैत्रीण अडकली म्हणून तू स्क्रीनवर ‘पुढे’ असं बटण टाकलंस. झाली पहिली पायरी. पण चोवीस क्लिप्सच्या जाळ्यात ‘पुढे’ म्हणजे नेमकं कुठे?

आता प्रकल्प.

सातव्या क्लिपमध्ये, छापखान्यातले काका दिसत असताना, तुझा आवाज म्हणतो, ‘मघाशी पाहिलेल्या नर्सताईंसारखीच यांचीही झोप दिवसा पूर्ण होते.’ मघाशी? ज्याने सातवी क्लिपच सगळ्यांत आधी उघडली, त्याने मघाशी काहीच पाहिलेलं नाही. असे शब्द मी मोजले नाहीत, पण पुष्कळ आहेत: ‘आता आपण’, ‘यानंतर’, ‘पुन्हा एकदा’, ‘शेवटी’. तू टाइमलाइनवर एक सलग फिल्म कापलीस, तिचे चोवीस तुकडे केलेस आणि मग ते मोकळे सोडलेस. तुकडे अजून एकमेकांना हाका मारतायत.

याचं मूळ मला असं दिसतं. डिजिटल कथाकथन या एकाच नावाखाली दोन वेगळ्या परंपरा नांदतात आणि बहुतेक अभ्यासक्रम त्या एकाच तासात उरकतात. पहिली जो लॅम्बर्ट, डेना अ‍ॅचली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात उभी केली. माणसं गोल करून बसतात, प्रत्येक जण आपली गोष्ट मोठ्याने सांगतो, बाकीचे ऐकतात. मग ती कागदावर उतरते, स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड होते, तिच्यावर स्वतःचेच फोटो चढतात आणि दोन-तीन मिनिटांची फिल्म तयार होते. बीबीसीने २००१ पासून वेल्समध्ये याच धर्तीवर सामान्य माणसांकडून गोष्टी करून घेतल्या. त्यात पुढाकार असलेले डॅनियल मेडोज साधारण अडीचशे शब्द, डझनभर चित्रं आणि दोन मिनिटं असं माप सांगत. फार सुंदर शिस्त आहे ती, आणि तुझ्या व्हॉइसओव्हरमध्ये ती मुरलेलीही दिसते. पण त्या गोष्टीला सुरुवात असते, शेवट असतो आणि मधल्या क्रमाला कोणी हात लावत नाही. इंटरनेट तिथे फक्त पोहोचवायचं काम करतं.

दुसरी परंपरा क्रमावरच शंका घेणारी. टेड नेल्सन यांनी ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द १९६५ मध्ये मांडला, तो कागदावर सोयीने उतरवता येणार नाही अशा, आपसांत गुंतलेल्या मजकुरासाठी. मायकेल जॉइस यांनी १९८७ मध्ये संगणकावर वाचायची एक कथा लिहिली. तिच्यात दुवे शब्दांमध्येच असतात, पण कोणत्या शब्दात आहेत ते दिसत नाही. वाचक एखाद्या शब्दावर रेंगाळला तर वाट फुटते, नाहीतर कथा त्याला आपल्या मर्जीने नेते. गोष्ट गोल फिरायला लागली किंवा तुम्ही कंटाळलात की वाचन संपलं, असं ती कथा स्वतःच सांगते. १९९६ मध्ये ओल्या लियालिना यांनी साध्या ब्राउझरमध्ये युद्धावरून परतलेला प्रियकर आणि त्याची प्रेयसी यांचं अवघडलेलं बोलणं मांडलं. काळा पडदा, चार-दोन चित्रं, तुटक वाक्यं. क्लिक केलं की चौकट दुभंगते, परत क्लिक केलं की आणखी लहान होते, आणि हळूहळू चौकटी रिकाम्या होत जातात. त्या दोघांमधलं अंतर कोणी शब्दांत सांगत नाही. ते तुझ्याच बोटाने वाढत जातं. हे काम तू पाहायलाच हवंस. तीस वर्षांपूर्वीचं आहे आणि आजच्या कितीतरी चकचकीत ‘इंटरॅक्टिव्ह’ कामांपेक्षा जास्त कळतं त्याला.

तू आवाज पहिल्या परंपरेचा घेतलास आणि मांडणी दुसरीची. त्या दोघींचं पटत नाहीये.

पटवायचं असेल तर एक नियम पाळ, अगदी हट्टाने: प्रत्येक क्लिप पहिली म्हणून उघडली तरी चालली पाहिजे. ‘मघाशी’वाली सगळी वाक्यं काप. पण क्लिप इतकी पुरेपूरही करू नकोस की पाहणाऱ्याला दुसरीकडे जायचं कारणच उरणार नाही. एका कडेने ती उघडी राहू दे. तुझी नर्सची क्लिप आपसूक तशी झालीय. ती सलाइनच्या नळीवरचं चाक अंगठ्याने फिरवते, थेंब मोजते, ओठ हलतात, आणि बाहेरून कोणीतरी हाक मारतं. ती वळते, कट. कोणाची हाक, ते कळत नाही. तिथे तू व्हॉइसओव्हर घातला नाहीस, फार बरं केलंस.

आता कीवर्ड. हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण तुझी मैत्रीण अडकली ती इथेच. कॉर्साको हे सॉफ्टवेअर फ्लोरियान थालहोफर यांनी २००० च्या सुमारास घडवलं, आणि त्याचा कारभार तुला माहीतच आहे: प्रत्येक क्लिपला आत येणारे कीवर्ड असतात आणि बाहेर जाणारे असतात. चालू क्लिपचा बाहेरचा कीवर्ड दुसऱ्या एखाद्या क्लिपच्या आतल्या कीवर्डशी जुळला, की ती क्लिप पर्यायांमध्ये दिसते. तू चोवीसच्या चोवीस क्लिप्सना आत आणि बाहेर ‘रात्र’ दिलंस. म्हणजे सगळं सगळ्याला जुळतं. मग सॉफ्टवेअर बिचारं चिठ्ठ्या उचलल्यासारखं काहीही उचलून दाखवतं आणि चौथ्या क्लिपनंतर पहिलीच परत येते. हँग काही झालेलं नव्हतं. तू सांगितलंस तसंच ते वागत होतं.

‘रात्र’ काढून टाक. ‘कष्ट’ आणि ‘एकटेपणा’ही काढ, ते तर त्याहून वाईट. विषयाचं नाव कीवर्ड म्हणून दिलं की यादी तयार होते. डोळ्याला किंवा कानाला जाणवणारं काही दिलं तर गोष्ट जुळायला लागते, निदान माझा अनुभव तसा आहे. तुझ्याच फुटेजमध्ये बघ: नर्सचा अंगठा चाकावर आहे, छापखान्यातले काका ओल्या कागदावर अंगठा घासून शाई पाहतात, वॉचमन रजिस्टरमध्ये तासातासाला सही करतो. हे ‘अंगठा’ किंवा ‘हात’ या कीवर्डवर एकमेकांकडे गेले, तर तुला एक अक्षरही बोलावं लागणार नाही. बस डेपोतल्या नळाचा आवाज आणि सलाइनचे थेंब हे ‘ठिबक’वर जुळतील. आणि आतला आणि बाहेरचा कीवर्ड वेगळा ठेव. नर्सकडे ‘हात’वरून यायचं आणि ‘हाक’वरून निघायचं. तसं केलंस की चाल येते, गोष्ट जागच्या जागी घुटमळत नाही. शिवाय वाट एकाच दिशेची होते: नर्सकडून डेपोकडे जाता येतं, पण आल्या वाटेने मागे फिरता येत नाही. रात्रपाळीच्या गोष्टीला ते शोभतंही. पहिल्या क्लिपला एकच आयुष्य दे (क्लिप किती वेळा दिसू शकते तो आकडा), म्हणजे ती पुन्हा डोकावणार नाही. नर्सच्या क्लिपला मात्र दोन दे. दुसऱ्यांदा ती वेगळ्या शेजाऱ्यामागून येईल आणि तीच हाक वेगळी ऐकू येईल.

शेजाराने अर्थ बदलतो हे सिनेमावाल्यांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. लेव्ह कुलेशोव्ह यांचा प्रयोग तू वाचलाच असशील: एकच निर्विकार चेहरा, पण कधी तो भुकेला वाटतो, कधी दुःखी, कशाशेजारी लावला त्याप्रमाणे. फरक इतकाच की कुलेशोव्ह यांना शेजारी निवडता येत होता, तुला तो फक्त सुचवता येतो. म्हणून प्रत्येक क्लिप किमान तीन वेगवेगळ्या शेजाऱ्यांसोबत लावून बघ. तिन्ही वेळा ती तेच सांगत असेल तर ती सजावट आहे, काढ. तिन्ही वेळा काही वेगळं सांगत असेल तर सांभाळ. माध्यमांचे अभ्यासक लेव्ह मॅनोविच म्हणतात की डेटाबेस, म्हणजे क्रम नसलेला तुकड्यांचा साठा, आणि कथा यांचं जन्मजात वैर आहे. परीक्षेत तसं लिही हवं तर, पण मला ते पटलेलं नाही. आळशीपणाने भरलेला डेटाबेस कथेचा वैरी असतो, एवढंच मी मान्य करीन.

‘कोणी पाहिलंच नाही’ ही तुझी टिपणांतली तक्रार. बाराबाशी आणि आल्बर्ट या नेटवर्कच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये दाखवलं की वाढत्या जाळ्यात नवे दुवे आधीच भरपूर दुवे असलेल्या ठिकाणीच जास्त जातात. थोडक्यात, दुव्यांपाशी दुवे जमतात. व्ह्यूजच्या आकड्यावरून कामाची पारख करू नकोस, वाढला तेव्हाही नको.

वॉचमनच्या क्लिपबद्दल मात्र मला गंभीरपणे बोलायचंय. पहाटेचे साडेतीन, खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागतो, मान कलते, टॉर्च मांडीवरून घरंगळतो आणि ते दचकून जागे होतात. नऊ सेकंदांची क्लिप, आणि सगळ्या प्रकल्पात सर्वांत जिवंत. टिपणांत तू लिहिलंयस की सर्वांची लेखी परवानगी घेतली आहे. कशाची परवानगी? तुझ्या फिल्मची. त्या फिल्ममध्ये आधी त्यांचा मुलगा बोलतो, त्यांची सलग दुसरी पाळी आहे हे कळतं, आणि मग आपल्याला त्यांची झोप दिसते. तिथे ती झोप आपल्याला हलवते. पण वेबची घडण वेगळी आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ पासून सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत जी रचना केली तिच्यात दुवा एकाच बाजूने देता येतो. समोरच्याला विचारावं लागत नाही, त्याला कळतही नाही. म्हणून तर वेब इतकं पसरलं. नेल्सन यांना दुवे दोन्ही बाजूंनी हवे होते, आणि ते आजही वेबवर रुसलेले आहेत. या सोयीची किंमत अशी, की तुझ्या क्लिपचा शेजारी उद्या कोणीही परका निवडू शकतो. ते नऊ सेकंद कोणी उचलले आणि खाली ‘हा बघा पगार घेऊन झोपलेला’ असं लिहिलं, तर मुलाचं बोलणं सोबत जाणार नाही. त्या माणसाची नोकरी जाईल.

तेव्हा ‘प्रत्येक क्लिप एकटी उभी राहिली पाहिजे’ हा मघाचा नियम त्यांच्यासाठीही लागू कर. जा, त्यांना फक्त ती नऊ सेकंदं दाखव. फोनवर, आवाज बंद करून, आधीचं-नंतरचं काही न सांगता. मग विचार की ही एवढीच बाहेर गेली तर चालेल का. ‘तू म्हणतेस तर ठीक’ असं म्हणाले तर तो नकार समज. नकार आला तर चेहरा वगळून नुसता घरंगळणारा टॉर्च आणि त्याचा आवाज ठेव. मला वाटतं, तो कदाचित जास्तच चांगला लागेल, पण ते नंतर.

जपणुकीचं थोडक्यात सांगते. ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन चालवणारं फ्लॅश हे सॉफ्टवेअर २०२० च्या अखेरीस बंद झालं आणि त्यावर केलेली असंख्य कामं ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२४ मध्ये मोजलं, तेव्हा २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांत नाहीशी झालेली होती. मूळ फुटेज दोन ठिकाणी ठेव. कीवर्डचा तक्ता साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेव. आणि मैत्रीण प्रकल्प पाहत असताना तिच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग करून ठेव, अडखळण्यासकट. सॉफ्टवेअर गेलं तरी एका माणसाने हे कसं पाहिलं, एवढं तरी उरेल.

पुढच्या भेटीला येताना नवा कीवर्ड तक्ता, वॉचमनचं उत्तर आणि त्या रेकॉर्डिंगवरचं टिपण घेऊन ये. टिपण एका पानाचं, आणि त्यात ‘सक्रिय प्रेक्षक’ नको.

कळावे,
तुझी मॅडम

ता.क. अकराव्या क्लिपमध्ये मागे कुठेतरी रेडिओवर सिनेमाचं गाणं वाजतंय. त्याचे हक्क आपल्याकडे नाहीत, आणि ते संवादाच्या खालून जात असल्यामुळे नुसतं पुसताही येणार नाही. डेपोत परत जाऊन तेवढा संवाद पुन्हा रेकॉर्ड कर. सगळ्या क्लिप्सना सबटायटल घाल, बरेच जण आवाज बंद ठेवूनच पाहतात आणि काहींना ऐकूच येत नसतं. नर्सच्या क्लिपमध्ये ‘(बाहेरून हाक)’ एवढंच लिही, कोणाची ते नको.