मत्स्यालय आधी की दुकानं?

प्रश्न: पुढच्या महिन्यात आम्ही एका दिवसासाठी समुद्रकाठच्या गावी जाणार आहोत. तिथे मोठं मत्स्यालय आहे आणि शेजारीच जुन्या खेड्यासारखी बांधलेली दुकानांची वसाहत. 12 वर्षांच्या मुलीला खरेदी करायची आहे, 7 वर्षांच्या मुलाला शार्क बघायचा आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. सकाळी पोहोचू, संध्याकाळी परत. आधी काय करावं? सगळं बघून होईल का? आठवण म्हणून काय आणावं?
– दोन मुलांची आई

उत्तर: ताई, सगळं बघून होणार नाही, आणि तसा हट्टही धरू नका. मत्स्यालय आधी, दार उघडताच. तेव्हा गर्दी कमी असते आणि 7 वर्षांच्या मुलाला काचेपर्यंत पोहोचता येतं. शिवाय पिशव्या सांभाळत मासे बघणं हा नुसता त्रास.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि बरीच वर्षं मुलांना मत्स्यालयात नेलं. सुरुवातीला मी त्यांच्या हातात 30 प्राण्यांची यादी द्यायचे. मुलं धावत जायची, पाटीवरचं नाव उतरवायची की पुढची टाकी. एकदा परतीच्या बसमध्ये विचारलं, समुद्रघोडा पोहताना त्याचा कुठला पर हलतो? वह्या भरलेल्या होत्या, पण उत्तर एकालाही येईना. मला फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षापासून यादी बंद केली. प्रत्येकाने एकच टाकी निवडायची आणि तिच्यासमोर 20 मिनिटं बसायचं. मग मुलं सांगायला लागली: पाठीवरचा पर पंख्यासारखा भिरभिरतो, शेपटी गवताला धरून ठेवते, आणि एकाचं पोट फुगलंय. तो फुगलेला नर होता. समुद्रघोड्यांत अंडी पिशवीत सांभाळतो तो बापच. हे मी वर्गात कितीदा सांगितलं होतं, पण त्यांना ते पटलं त्या दिवशी.

असं बसून बघण्यातूनच मत्स्यालयं जन्मली. झान व्हिलप्रो-पॉवर ही मूळची फ्रान्समधली शिवणकाम करणारी बाई, लग्नानंतर सिसिलीत राहायला गेली. आर्गोनॉट नावाची ऑक्टोपसची एक जात आहे, तिच्या मादीभोवती पातळ सुंदर शिंपला असतो. तो ती स्वतः बनवते की दुसऱ्याचा ढापते, यावर विद्वानांचा वाद होता. झानने 1832 मध्ये काचेच्या टाक्या करवून घेतल्या, जिवंत आर्गोनॉट त्यांत ठेवले आणि पाहत राहिली. शिंपल्याचा तुकडा मोडला तर प्राणी तो स्वतःच सांधतो, हे तिने दाखवून दिलं. तुमच्या मुलीला ही गोष्ट प्रवासातच सांगा. खरेदीची घाई थोडी कमी होईल, असा माझा अनुभव आहे.

मुलाला मोठ्या टाकीपाशी एक गोष्ट करून दाखवा. समोरून मासा बघायचा, मग वरून पाणी दिसत असेल तर वरून. सपाट काचेतून सरळ पाहिलं की पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या साधारण पाऊण अंतरावर भासते, म्हणून शार्क आहे त्याहून जवळ आणि मोठा वाटतो. काचेवर टकटक मात्र करू देऊ नका. माशांच्या अंगाच्या दोन्ही बाजूंनी एक संवेदनशील रेषा असते, तिच्यातून पाण्यातली हालचाल त्यांना जाणवते. फ्लॅशही बंद ठेवा, बहुतेक माशांना पापण्या नसतात.

हात लावून बघायची उथळ टाकी असेल, तर आधी नुसत्या पाण्याने हात धुवा, कारण क्रीम आणि साबण दोन्ही त्या प्राण्यांना बाधतात. ओल्या दोन बोटांनी हलकेच स्पर्श करायचा. तारामासा उचलून पाण्याबाहेर धरायचा नाही.

सासूबाईंना जेलीफिशसमोर बसवा. तिथे सहसा अंधार आणि शांतता असते. जेलीफिशना कोपऱ्यात अडकून इजा होऊ नये म्हणून बऱ्याच ठिकाणी त्यांची टाकी गोल असते आणि पाणी हळूहळू फिरवतात. मेंदू नाही, हृदय नाही, अंगात सुमारे 95 टक्के पाणी, आणि तरी ते जीव उघडमीट करत तरंगत राहतात. त्यांना बघत बसलेली म्हातारी माणसं उठायला तयार नसतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. चाकांची खुर्ची मिळते का, ते दारातच विचारा. खाणं घालायच्या वेळाही तिथेच विचारून घ्या आणि त्याच्याभोवती दिवस आखा.

दुकानं जेवणानंतर. दोन तास पुरतात. मुलीला ठरावीक पैसे तिच्याच हातात द्या आणि निवड तिला करू द्या.

पण एका बाबतीत मी कडक आहे. सुकवलेला समुद्रघोडा, पोवळ्याचा तुकडा, मोठे शंख, काहीही घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी. समुद्रघोड्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2004 पासून साइट्स या, धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या जागतिक करारानुसार निर्बंध आहेत, आणि ते उगाच आलेले नाहीत. रिकामा शंखही रिकामा नसतो, एखाद्या खेकड्याचं ते पुढचं घर असतं. सकाळी ज्याला जिवंत पाहिलं, तोच सुकवून कीचेनला अडकवलेला दुपारी घेऊ नये. मातीचा, कापडाचा, लाकडाचा मासा घ्या. नाहीतर दोन कोऱ्या वह्या आणि पेन्सिली घरूनच न्या. 20 मिनिटं बसून मुलांनी काढलेला मासा वाकडा असेल, पण त्याचा पर कुठे असतो हे त्यांना माहीत असेल.

वारा फार असतो किनाऱ्यावर. सासूबाईंसाठी शाल ठेवा.