सातपुड्यातली मुळी उकळून प्यायल्यानं कॅन्सर बरा होतो का?

नाही. कृपा करून घरच्या माणसावर असा प्रयोग करू नका. वनस्पतीत औषध असू शकतं, पण ते शोधावं लागतं, आणि त्या शोधातलं फार मोठं नाव आपल्या नंदुरबारात जन्मलेलं आहे: डॉ. मनसुख वाणी! अमेरिकेत त्यांनी आणि मन्रो वॉल यांनी पॅसिफिक यू झाडाच्या सालीचा अर्क घेतला, त्याचे भाग पाडले, ज्या भागात गुण दिसला त्याचेच पुन्हा भाग पाडले, अगदी एकच रेणू हाती येईपर्यंत. तो टॅक्सॉल, कॅन्सरवरचं औषध. त्या रेणूची रचना छापली १९७१ला, औषध म्हणून मंजुरी मिळाली १९९२ला. एवढी वर्षं लागतात हो.

अंगणातल्या सदाफुलीतही व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरवरचं औषध असतं, पण अगदी कणभर. ते शुद्ध करून, मोजून, शिरेतूनच देतात. पानं मात्र विषारी, चावून खाऊ नका.